पक्षांविना मुख्यमंत्रिपदापर्यंत: आइल ऑफ मॅनच्या ॲलन बेल यांच्या कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे?

निबंधवही यांचा प्रश्न

नमस्कार. लहान स्वशासित प्रदेशांच्या विधिमंडळांवर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यातील एक प्रकरण आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटाविषयी आहे. सुमारे ५७२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे आणि ऐंशी हजारांवर लोकवस्तीचे हे बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असलेले स्वतंत्र राज्यक्षेत्र आहे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे आहेत, आणि कर, शिक्षण, आरोग्य, पोलीस असा बाकीचा जवळजवळ सगळा कारभार तेथील टिनवाल्ड हे विधिमंडळ आणि त्याला उत्तरदायी असणारे मंत्रिमंडळ चालवते.

संस्थांविषयी कोरडे वर्णन करण्यापेक्षा एका राजकारण्याच्या कारकिर्दीतून ही व्यवस्था उलगडून दाखवावी असे मी ठरवले आणि त्यासाठी ॲलन बेल यांची निवड केली. त्यांचा जन्म १९४७ चा, बेटाच्या उत्तरेकडील रॅमझी या बंदराच्या गावचा. १९८४ मध्ये ते रॅमझीतूनच हाउस ऑफ कीज या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले आणि २०१६ पर्यंत तेथे राहिले. २००१ ते २०१० या काळात ते कोषागारमंत्री, म्हणजे अर्थमंत्री होते. त्यानंतर वर्षभर आर्थिक विकास खाते त्यांच्याकडे होते. आणि ऑक्टोबर २०११ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते मुख्यमंत्री होते.

माझी अडचण अशी की त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यात तीन निरनिराळी माणसे दिसतात. कोणी त्यांना कंपन्यांवरील कर शून्यावर आणणारा अर्थमंत्री म्हणून ओळखते, कोणाला २००८ मध्ये बँक बुडाली तेव्हा खजिना सांभाळणारा मंत्री आठवतो, तर कोणी त्यांचे नाव समलिंगी विवाहाच्या कायद्याशी जोडते. या तिन्हींना एका सूत्रात कसे बांधावे? आणि ज्या सभागृहात बहुतेक सर्व सदस्य अपक्ष असतात, तेथे एखादा माणूस पायरी-पायरीने वर चढतो तरी कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लोकसभागृह यांचे उत्तर

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तराशिवाय पहिल्याचे उत्तर अधांतरी राहील.

टिनवाल्डला हजार वर्षांहून अधिक काळची अखंड परंपरा आहे असे मॅन्क्स लोक अभिमानाने सांगतात, परंतु मंत्रिमंडळ ही तेथील अगदी अलीकडची गोष्ट आहे. हाउस ऑफ कीज हे सभागृह लोकनियुक्त झाले ते १८६६ मध्ये. त्यानंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ खऱ्या अर्थाने शासनप्रमुख होता तो लंडनहून नेमला जाणारा लेफ्टनंट गव्हर्नर. बेटाच्या तिजोरीवरील त्याची पकड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. प्रत्यक्ष प्रशासन चालवत असत ती टिनवाल्डने नेमलेली मंडळे: शिक्षणाचे मंडळ, आरोग्याचे मंडळ, पर्यटनाचे मंडळ, आणि अशी बरीच. प्रत्येक मंडळाला अध्यक्ष असे, सदस्य असत, स्वतःचा हट्टही असे. मात्र सर्वांच्या वर बसून एकत्र धोरण ठरवणारे कोणी नसे.

बेल १९८४ मध्ये पोटनिवडणुकीतून सभागृहात आले तेव्हा ही मंडळांची पद्धत शेवटच्या घटका मोजत होती. १९८६ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर माइल्स वॉकर हे बेटाचे पहिले मुख्यमंत्री झाले, मंडळांच्या जागी खाती आली आणि अध्यक्षांच्या जागी मंत्री आले. १९९० मध्ये कार्यकारी परिषदेला रीतसर मंत्रिपरिषदेचे रूप मिळाले आणि त्याच वर्षी लेफ्टनंट गव्हर्नरने टिनवाल्डचे अध्यक्षस्थानही सोडले. चार्ल्स केरुइश हे टिनवाल्डचे पहिले निवडलेले अध्यक्ष झाले. त्यामुळे मला बेल यांची कारकीर्द महत्त्वाची वाटते ती याच कारणासाठी की मॅन्क्स मंत्रिपद्धतीचा जन्म, तिची वाढ आणि तिचे दोष उघडे पडण्याचा काळ, हे सारे त्या बत्तीस वर्षांत बसते. आपल्या प्रकरणाला सूत्र हवे असेल तर ते येथे आहे.

आता वर चढण्याविषयी. पक्ष नसल्यामुळे उमेदवारी मिळवण्याचा, पक्षश्रेष्ठींची मर्जी राखण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मजूर पक्ष होता आणि आहे, पुढे २००६ मध्ये पीटर कॅरन यांनी लिबरल व्हॅनिन हा पक्षही स्थापन केला, पण चोवीस जणांच्या सभागृहात अपक्षांचेच प्राबल्य राहिले. याचा परिणाम असा की सरकारला जाहीरनाम्याच्या आधारे बहुमत मिळत नाही. आधी निवडणूक होते, मग निवडून आलेल्यांमधून मुख्यमंत्री ठरतो, मग तो आपले मंत्री निवडतो आणि त्यानंतर सरकारचे धोरण लिहिले जाते. मतदाराने दिलेले मत व्यक्तीला असते. कोणत्या सरकारला ते गेले, हे त्याला काही आठवड्यांनी कळते.

अशा सभागृहात टिकून राहण्याची दोन साधने असतात. एक म्हणजे मतदारसंघ. बेल यांनी रॅमझीत एक पोटनिवडणूक आणि त्यानंतर १९८६ पासून २०११ पर्यंतच्या सहा सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. १९८६ आणि १९९१ च्या निवडणुका बेटाने पसंतिक्रमाच्या, म्हणजे एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने घेतल्या. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहीत असे. १९९६ पासून पुन्हा साधी बहुमताची पद्धत आली. मतमोजणीचा नियम दोनदा बदलला, पण रॅमझीने त्यांना घरी बसवले नाही. छोट्या गावात हे सोपे नसते; तेथे आमदार दुकानात, बंदरावर, शाळेच्या कार्यक्रमात रोज दिसतो आणि मतदार त्याला रस्त्यात अडवून जाब विचारू शकतो.

दुसरे साधन म्हणजे खात्यांचा अनुभव. कोषागाराकडे येण्यापूर्वी बेल यांनी पर्यटन, उद्योग आणि गृह ही खाती सांभाळली होती. पर्यटन हे खाते त्या काळात नाव मोठे आणि दुखणेही मोठे अशा स्थितीत होते. उत्तर इंग्लंडमधील गिरणी कामगारांनी उन्हाळ्याच्या सुटीत बोटी भरभरून राजधानी डग्लसला यायचे दिवस स्वस्त स्पेन सहलींनी संपवले होते, समुद्रकिनाऱ्यावरची वसतिगृहे रिकामी पडत होती, आणि बेटाने पोट भरण्यासाठी दुसरा धंदा शोधणे भाग होते. तो धंदा म्हणजे वित्तसेवा. ज्याने पर्यटनाची उतरती कळा खात्यात बसून पाहिली, तो पुढे अर्थमंत्री झाल्यावर वित्तसेवांविषयी इतका आग्रही का झाला, हे मला यातून समजते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुख्यमंत्रिपदाची वाट बहुतेक वेळा कोषागारातून जाते. डोनाल्ड गेलिंग, रिचर्ड कॉर्किल, ॲलन बेल आणि २०२१ मध्ये आलेले आल्फ्रेड कॅनन हे चौघेही आधी कोषागारमंत्री होते. टोनी ब्राऊन हे आधी सभागृहाचे सभापती होते आणि हॉवर्ड क्वेल आरोग्यमंत्री, हे अपवाद. पक्षसंघटना नसते तेथे पैशाच्या चाव्या ज्याच्या हाती असतात त्याच्याकडे प्रत्येक सदस्याला काही ना काही कामासाठी जावे लागते, आणि माझ्या मते त्याची ताकद तेथूनच येते.

ताळेबंद यांचे उत्तर

लोकसभागृह यांनी पाया चांगला घातला आहे. मी फक्त कोषागाराच्या नऊ वर्षांविषयी लिहितो, कारण बेल यांचे खरे मोजमाप तेथेच होते असे माझे ठाम मत आहे.

२००१ मध्ये ते कोषागारात आले तेव्हा बेटावर बाहेरून दोन बाजूंनी दबाव होता. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००० मध्ये करआश्रयस्थाने म्हणून पस्तीस प्रदेशांची यादी जाहीर केली होती, तिच्यात आइल ऑफ मॅनचे नाव होते. दुसरीकडे युरोपीय संघाची आचारसंहिता सांगत होती की परकीय कंपन्यांना एक दर आणि स्थानिक कंपन्यांना दुसरा, असा भेद चालणार नाही. बेटाची सारी व्यवस्था तर त्याच भेदावर उभी होती: बाहेरच्या मालकीच्या कंपन्यांना करमाफी आणि स्थानिकांना कर.

यातून काढलेला मार्ग म्हणजे शून्य-दहा पद्धत. ६ एप्रिल २००६ पासून कंपन्यांच्या नफ्यावरील सर्वसाधारण दर सर्वांसाठी शून्य टक्के झाला. बँकांच्या व्यवसायातील उत्पन्नावर आणि बेटावरील जमीन व मालमत्तेच्या उत्पन्नावर दहा टक्के ठेवण्यात आला. व्यक्तीने भरायच्या प्राप्तिकरावर वर्षाला एक लाख पौंडांची कमाल मर्यादाही त्याच सुमारास आली. राजमुकुटाच्या अधीन असलेल्या तीन प्रदेशांपैकी हे पाऊल सर्वांत आधी उचलले ते आइल ऑफ मॅनने. ग्वेर्नसी २००८ मध्ये आणि जर्सी २००९ मध्ये त्याच वाटेने गेले.

या पद्धतीत एक भोक होते आणि ते पहिल्या दिवसापासून सर्वांना दिसत होते. एखादा स्थानिक सुतार किंवा दुकानदार आपल्या धंद्याची कंपनी करील, नफा तिच्यातच साठवील, लाभांश काढणारच नाही आणि मग त्यावर कर भरणारच नाही. हे रोखण्यासाठी कंपनीने नफा वाटला नसला तरी तो बेटावर राहणाऱ्या भागधारकाला मिळाला असे मानून त्याच्याकडून प्राप्तिकर घ्यावा, अशी तरतूद करण्यात आली. युरोपीय संघाच्या गटाने पुढे नेमके याच तरतुदीवर बोट ठेवले, कारण ती फक्त स्थानिक भागधारकांनाच लागू होत होती. अखेर २०१२ मध्ये ती रद्द करावी लागली. म्हणजे शून्य दर टिकला, पण त्याला लावलेला बांध काढावा लागला. बेल यांच्या टीकाकारांनी हा तपशील पुरेसा उचलला नाही असे मला वाटते. शून्य दराचे खरे मोल कोणी मोजले? ते मोजले बेटावर पगार घेणाऱ्याने आणि खरेदी करणाऱ्याने, कारण महसुलाचा भार कंपन्यांवरून उतरून प्राप्तिकर आणि व्हॅट यांच्यावर गेला.

येथेच दुसरा धोका दडलेला होता. व्हॅट आणि उत्पादन शुल्क यांच्या बाबतीत बेट आणि युनायटेड किंगडम १९७९ च्या करारानुसार एकाच थैलीत पैसे टाकतात आणि मग ठरलेल्या सूत्राने त्याची वाटणी होते. हे सूत्र बरीच वर्षे बेटाला फार फायद्याचे ठरले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये लंडनने ते बदलले, आणि त्या बदलाने बेटाला वर्षाला मिळणारी रक्कम टप्प्याटप्प्याने दहा कोटी पौंडांहून अधिक घटली. इतक्या छोट्या अर्थसंकल्पात हा घाव किती खोल होता याची कल्पना करावी. २०११ मध्ये वाटणीची पुन्हा फेरमांडणी झाली आणि उत्पन्न आणखी खाली गेले.

शून्य दर आणि व्हॅटच्या सूत्रातील बदल या दोन घटनांच्या मध्ये आली ती ऑक्टोबर २००८ मधली बँकेची पडझड. काउपथिंग या आइसलँडच्या बँकेची आइल ऑफ मॅनमध्ये नोंदलेली कंपनी होती आणि तिने आपल्या ठेवींचा मोठा हिस्सा लंडनमधील भगिनी बँकेत ठेवलेला होता. ब्रिटिश सरकारने ८ ऑक्टोबरला लंडनची बँक ताब्यात घेऊन प्रशासकाकडे सोपवली आणि बेटावरच्या बँकेचा पैसा तेथे अडकला. हजारो ठेवीदार, त्यांतले कित्येक निवृत्त आणि परदेशांत नोकरी केलेले, एका दिवसात हवालदिल झाले. टिनवाल्डने ठेवीच्या भरपाईची मर्यादा वाढवून पन्नास हजार पौंड केली. सरकारने आधी थोड्या रकमा आगाऊ देण्याची योजना आणली, लिक्विडेशनला, म्हणजे बँक मोडीत काढून तिच्या मालमत्तेतून देणी भागवण्याला, पर्याय म्हणून ठेवीदारांपुढे तडजोडीचा आराखडा ठेवला. तो आवश्यक पाठिंबा मिळवू शकला नाही आणि मे २००९ मध्ये बँक लिक्विडेशनमध्ये गेली. पुढील वर्षांत बँकेच्या मालमत्तेतून बहुतांश रक्कम ठेवीदारांना परत मिळाली.

हे लिहिताना १९८२ ची आठवण ठेवावी लागते. त्या वर्षी बेटावरची सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट बँक बुडाली, ठेवीदारांचे मोठे नुकसान झाले आणि त्यातूनच वित्तीय देखरेख आयोग उभा राहिला, नंतर ठेवीदारांच्या भरपाईची योजना आली. बेल त्या घटनेनंतर दोन वर्षांनी सभागृहात आले. २००८ मध्ये ग्वेर्नसीत अशी कोणतीही योजना नव्हती आणि तेथील ठेवीदारांना त्याची झळ बसली. आइल ऑफ मॅनमध्ये ती होती, हे काम आधीच्या पिढीचे. तिची मर्यादा तातडीने वाढवून ती वापरात आणणे, हे बेल यांच्या काळातले. ठेवीदारांनी त्यांच्यावर रोष काढला आणि तो स्वाभाविक होता, पण तिजोरी सांभाळून ठेवीदारही सांभाळायचे, या कात्रीत सापडलेल्या मंत्र्याने जे केले ते मला तरी जबाबदारीने केलेले दिसते.

निबंधवही

ताळेबंद यांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. व्हॅटचे सूत्र बदलले ही लंडनची कृती होती हे मान्य. तरी कंपन्यांवरचा कर शून्य करून सरकारचे उत्पन्न व्हॅटवर इतके अवलंबून ठेवणे, ही चूक बेल यांच्या पदरात टाकावी काय?

ताळेबंद

अंशतः टाकावी. शून्य दर आणला नसता तर बँका आणि विश्वस्त कंपन्या जर्सीला किंवा अन्यत्र गेल्या असत्या, हा त्यांचा युक्तिवाद खरा होता. स्पर्धा तशीच होती. परंतु चांगल्या वर्षांत व्हॅटचा वाटा फुगत होता तेव्हा सरकारी खर्चही त्याच वेगाने फुगू दिला गेला, आणि त्याची जबाबदारी कोषागारमंत्र्याची असते. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी मात्र नोंदवाव्यात. एक म्हणजे राखीव निधी मोडून खाल्ला गेला नाही, आणि पडझडीनंतर तोच आधार झाला. दुसरे म्हणजे एकाच पिकावर शेत सोडायचे नाही, हे त्यांनी ओळखले होते. २००१ च्या कायद्यावर उभा राहिलेला ऑनलाइन जुगाराचा उद्योग आणि १ मे २००७ ला सुरू झालेली खासगी विमानांची नोंदणी हे त्याच काळातले विस्तार आहेत. पुढे पहिल्या उद्योगाने बेटाच्या उत्पन्नात फार मोठी जागा घेतली.

२०१० मध्ये कोषागाराला प्राप्तिकराचा वरचा दर १८ टक्क्यांवरून २० टक्के करावा लागला, यावरून दुखणे किती आत गेले होते ते दिसते. त्याच वर्षी खात्यांची फेररचना झाली, बेल नव्या आर्थिक विकास खात्याकडे गेले आणि कोषागार ॲन क्रेन यांच्याकडे आले. त्याही रॅमझीच्याच आमदार होत्या. सार्वत्रिक निवडणुकीत २९ सप्टेंबर २०११ ला त्या पराभूत झाल्या. बेल निवडून आले आणि दोनच आठवड्यांत मुख्यमंत्री झाले. त्यांचे कोषागारमंत्री एडी टीअर यांनी पुढली पाच वर्षे जमाखर्चाची तोंडमिळवणी केली.

समदृष्टी यांचे उत्तर

वरील चर्चेत पैशाचा भाग पुरेसा आला आहे, म्हणून मी विवाहाच्या कायद्याकडे वळते. मला वाटते की आपण तिसरी प्रतिमा वेगळी ठेवू नये. ती पहिल्या दोहोंइतकीच त्या बेटाच्या स्वशासनाशी जोडलेली आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ मध्ये गुन्हा राहिले नाहीत. आइल ऑफ मॅनमध्ये मात्र तो गुन्हा १९९२ पर्यंत कायम होता. स्वतःचे कायदे स्वतः करण्याच्या हक्काचा हा दुसरा चेहरा होता: लंडनने बदल केला म्हणून आम्ही करणार नाही, असे म्हणण्याचा हक्क बेटाला होता आणि त्याची किंमत तेथील काही नागरिक तुरुंगवास, बदनामी आणि देशत्याग यांनी मोजत होते. उत्तर आयर्लंडविषयी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८१ मध्ये दिलेल्या निकालानंतर लंडनचा दबाव वाढला, तरी सभागृहाने बरीच खळखळ केली. १९९१ च्या टिनवाल्ड दिनी एक कार्यकर्ता नाझी छळछावणीतील कैद्याचा पोशाख घालून सेंट जॉन्सच्या समारंभात उभा राहिला, आणि बेटाच्या सर्वांत गंभीर सोहळ्यात हा विषय डोळ्यांसमोर आला.

तो सोहळा कसा असतो हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडे सांगते. दर वर्षी ५ जुलैच्या सुमारास सेंट जॉन्स येथील चार पायऱ्यांच्या हिरव्या टेकडीवर सारे विधिमंडळ जमते. चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर लव्हाळे अंथरलेले असते. वर्षभरात झालेल्या कायद्यांची शीर्षके व सारांश मॅन्क्स आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मोठ्याने वाचले जातात. संमतीनंतर अठरा महिन्यांत हे वाचन झाले नाही तर कायदा अमलातून जातो. कोणाही नागरिकाला टेकडीच्या पायथ्याशी येऊन आपल्या तक्रारीचा अर्ज देता येतो. तक्रार ऐकून घेणे हा ज्या दिवसाचा हेतूच आहे, त्या दिवशी हा माणूस त्या पोशाखात उभा राहिला होता.

बेल तेव्हा त्याच विधिमंडळाचे सदस्य होते. १९९२ मध्ये गुन्हा रद्द झाला, पण वयाची अट एकवीस वर्षांची ठेवून. ती इतरांच्या बरोबरीने सोळावर यायला २००६ उजाडले. नागरी भागीदारीचा, म्हणजे विवाहाऐवजी जोडप्याच्या नात्याची कायदेशीर नोंद करण्याचा, कायदा २०११ मध्ये लागू झाला. आपण समलिंगी असल्याचे बेल यांनी मुख्यमंत्रिपदावर असताना, २०१५ मध्ये, जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी विवाहाचे विधेयक आले. मार्च २०१६ मध्ये हाउस ऑफ कीजने ते १७ विरुद्ध ३ मतांनी संमत केले, एप्रिलमध्ये वरिष्ठ सभागृहाने त्याला मान्यता दिली आणि २२ जुलै २०१६ ला तो कायदा अमलात आला. त्याच कायद्याने स्त्री-पुरुष जोडप्यांनाही नागरी भागीदारीचा पर्याय दिला, जो तेव्हा इंग्लंडमध्येही उपलब्ध नव्हता.

ज्या सभागृहात सदस्य कोणत्याही पक्षादेशाने बांधलेले नसतात तेथे सतरा जणांनी आपापल्या नावाने होकार दिला, याचे वजन मला फार वाटते. प्रत्येकाला आपल्या गावात जाऊन ते समजावून सांगायचे होते आणि सहाच महिन्यांवर निवडणूक होती. पुढे जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री क्वेल यांनी जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या पुरुषांची विनाअट माफी मागितली. चोवीस वर्षांत गुन्ह्यापासून विवाहापर्यंत गेलेल्या या समाजात बेल यांनी जवळजवळ सारा काळ सभागृहाच्या बाकावर बसून काढला. म्हणून आपल्या प्रकरणात हा भाग शेवटी जोडलेला परिच्छेद म्हणून येऊ नये, असा माझा आग्रह आहे.

उत्तरायण यांचे उत्तर

एकंदर चर्चा बेल यांच्याविषयी बरीच सहानुभूतीची झाली आहे. ती रास्त आहे, पण ज्या व्यवस्थेत ते वाढले तिचा एक दोष सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही.

मुख्यमंत्री आणि त्याचे जास्तीत जास्त नऊ मंत्री सामूहिक जबाबदारीने बांधलेले असतात. त्यांच्याखेरीज इतर सदस्यांनाही एकेका खात्याचे सदस्य म्हणून नेमले जाते. त्यांना त्या खात्याचे काम आणि त्यासाठी जादा मानधन मिळते. चोवीस आमदारांच्या सभागृहात असे केल्यावर सरकारबाहेर उरतात ते मोजके जण. विरोधी पक्ष नाही, आणि ज्यांनी प्रश्न विचारायचे त्यांचाही हात कुठल्या ना कुठल्या खात्यात अडकलेला. सरकारमागे उभ्या राहणाऱ्या एकगठ्ठा मतांविषयी बेटावर सतत तक्रार होत असे. कॅरन यांच्यासारखे सदस्य ती वर्षानुवर्षे मांडत राहिले. २०११ मध्ये मुख्यमंत्रिपदासाठी बेल यांच्यासमोर तेच उभे होते.

बेल यांच्या सरकारच्या अखेरच्या वर्षात, २०१६ मध्ये, लॉर्ड लिसव्हेन यांनी टिनवाल्डच्या कामकाजाचा आढावा घेणारा अहवाल दिला आणि छाननी करणारे व कारभार करणारे सदस्य वेगळे असावेत या प्रश्नाला त्यात मध्यवर्ती जागा होती. त्याच वर्षी मतदारसंघांची फेररचनाही झाली. आधी कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन असे आमदार निवडले जात. आता बारा मतदारसंघांतून प्रत्येकी दोन, अशी समान विभागणी आली. २२ सप्टेंबर २०१६ च्या त्या पहिल्या निवडणुकीला बेल उभे राहिले नाहीत.

म्हणून मी त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या बहुमताचे श्रेय सरसकट त्यांच्या मुत्सद्देगिरीला देणार नाही. शून्य-दहा पद्धतीसारखा पिढ्यांवर परिणाम करणारा निर्णय ज्या सभागृहातून गेला, त्यात ठाम, संघटित, आकडे घेऊन उभा राहणारा विरोध नव्हता, आणि तो नसणे ही त्या धोरणाची कमतरता होती. समर्थ अर्थमंत्र्याला समर्थ विरोधक मिळाला असता तर व्हॅटवरचे अवलंबित्व २००९ च्या आधीच सभागृहात ऐरणीवर आले असते असे माझे मत आहे.

निबंधवही यांना एक सूचना करतो. टिनवाल्डच्या कामकाजाचे शब्दशः अहवाल सार्वजनिक आहेत. बेल यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले वाचण्याआधी चार ठिकाणची चर्चा वाचावी: २००६ च्या फेब्रुवारीतील अर्थसंकल्प, ऑक्टोबर २००८ मध्ये ठेवीदारांच्या भरपाईवर झालेली चर्चा, २००९ च्या अखेरीस व्हॅटच्या नव्या सूत्रावरचे कामकाज आणि मार्च २०१६ मधील विवाह विधेयकाचे तिसरे वाचन. प्रत्येक ठिकाणी बेल यांच्या भाषणानंतर कोण उठले, किती जण उठले आणि कोणता प्रश्न कोणीच विचारला नाही, याची नोंद ठेवावी. पहिल्या आणि चौथ्या चर्चेची तुलना केल्यास, ज्या विषयावर सदस्य स्वतःच्या विवेकाने बोलतात आणि ज्या विषयावर कोषागाराचा शब्द मानून घेतात, त्या दोहोंतले अंतर आपल्याला थेट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल.